आठ सेकंदांचं फुलपाखरू

फुलपाखराच्या जीवनचक्रावर चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. अंडी, आळी, कोष, फुलपाखरू. संहिता, आवाज, फोटो, मागचं संगीत हे सगळं दोन संध्याकाळी उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोषातून निघालेलं फुलपाखरू शेवटी फुलांच्या फोटोवरून उडत जावं, एवढीच जास्तीची हौस होती. आठ सेकंदांचं काम. त्या आठ सेकंदांनी पुढच्या चार संध्याकाळी खाल्ल्या, आणि अजूनही कुठे हिरव्या अक्षरांत ‘रूपांतर यशस्वी’ दिसलं की माझं डोकं तापतं.

अ‍ॅनिमेशन स्वतः करण्याइतकी मला चित्रकला येत नाही, म्हणून मोफत स्टॉकच्या, म्हणजे तयार क्लिप देणाऱ्या साइटच्या, वाटेला गेले. शोधायला अर्धा तास लागला. पंख मिटणारं, उघडणारं, छान निळं फुलपाखरू मिळालं. डाउनलोडच्या बटणाखाली चार पर्याय होते: एमपी४, जीआयएफ, वेबएम आणि जेसॉन.

ओळखीचं नाव म्हणून आधी एमपी४ घेतली. एडिटरच्या, म्हणजे व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरच्या, टाइमलाइनवर टाकली, तर फुलपाखरू पांढऱ्या चौकोनासकट उडायला लागलं. नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये चित्र एच.२६४ या कोडेकने, म्हणजे फाइल लहान करायच्या पद्धतीने, दाबलेलं असतं, आणि रोजच्या वापरातल्या एच.२६४मध्ये पारदर्शकतेला जागाच नसते. प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवला जातो. तो किती आरपार दिसावा हे सांगणारी वेगळी पट्टी, म्हणजे अल्फा चॅनल, साठवलीच जात नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग जीआयएफ. चौकोन गेला, पण पंखांच्या कडा कात्रीने घाईघाईत कापल्यासारख्या दिसत होत्या. जीआयएफ १९८७ सालचा फॉरमॅट आहे. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक नाही तर पूर्ण भरलेला. अर्धवट पारदर्शक असं काही नाहीच, त्यामुळे मऊ कड मिळणं शक्यच नाही. शिवाय त्यात दोन चित्रांमधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात, म्हणून सेकंदाला ३० चित्रांचा हिशेब कधी पुरता जमत नाही. गप्पांमध्ये पाठवायला जीआयएफ ठीक आहे, एडिटिंगला घेऊ नका.

जेसॉनची फाइल एडिटरने उघडलीच नाही, आणि त्यात एडिटरची चूक नव्हती. तो लॉटीचा प्रकार. त्यात व्हिडिओ नसतो, ‘ही रेघ इथून तिथे न्या, हा आकार एवढा फिरवा’ अशा लेखी सूचना असतात, आणि वेबसाइट किंवा अ‍ॅप त्या वाचून चित्र काढतं. लॉटी हे नाव लोटे रायनिगर यांच्यावरून ठेवलंय. कागद कापून सावल्यांची अ‍ॅनिमेशन करणाऱ्या जर्मन बाई. हे वाचण्यात माझा पाऊण तास गेला आणि फुलपाखरू होतं तिथेच राहिलं.

उरली वेबएम. साइटच्या पानावर तीच फाइल चौकटी-चौकटींच्या पटावर सुंदर उडताना दिसत होती, म्हणजे पारदर्शकता होती. पण माझा एडिटर वेबएम घेत नव्हता. त्याला पारदर्शक व्हिडिओ हवा तो एमओव्हीमध्ये. म्हणजे वेबएमची एमओव्ही करायची, एवढंच. आणि इथे घोडं जे अडलं ते अडलंच.

पहिला प्रयत्न सांगायला लाज वाटते: फाइलचं नाव बदलून शेवटी डॉट एमओव्ही लिहिलं. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. वेबएम, एमओव्ही, एमपी४ हे सगळे डबे आहेत, आत काय भरलंय ते कोडेक ठरवतो. एकाच एमओव्ही डब्यात पारदर्शकता ठेवणारा कोडेक असू शकतो आणि न ठेवणाराही. ‘एमओव्ही चालते’ असं कुणी सांगितलं, तर आत कुठला कोडेक हे लगेच विचारा.

दुसरा प्रयत्न, ऑनलाइन कन्व्हर्टर. फाइल चढवा, रांगेत थांबा, पट्टी भरताना बघत बसा, मग हिरवी खूण: यशस्वी. एमओव्ही उतरवली आणि टाइमलाइनवर टाकली. फुलपाखराभोवती काळा चौकोन. पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून परत केलं. दुसऱ्या साइटवर केलं. तिसऱ्या साइटने कोपऱ्यात स्वतःचं नाव छापून काळा चौकोन दिला. मग संगणकावर एक मोफत कन्व्हर्टर बसवला. त्याने फार झटपट आणि फार नीटनेटका काळा चौकोन दिला. या सगळ्यांनी डब्यात एच.२६४च भरला होता, आणि एकानेही ‘बाई, तुमची पारदर्शकता इथे गळाली’ असं सांगितलं नाही. माझा राग त्यावर आहे. जमत नसेल तर नाही म्हणा, खूण लाल दाखवा. अर्धा माल रस्त्यात सांडून ‘पोहोचला’ म्हणून सही घ्यायची, ही कुठली रीत!

तिसऱ्या संध्याकाळी एफएफएमपेगकडे वळले. २०००पासून चालत आलेलं हे मोफत साधन. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. मी घाबरतच बसले. पण वाचून एवढं समजलं होतं की पारदर्शकता हवी असेल तर एमओव्हीच्या आत प्रोरेस ४४४४ हा कोडेक भरायचा. चारातला शेवटचा चार म्हणजे अल्फा. साधा प्रोरेस ४२२ घेतला तर अल्फा जातो. आज्ञा लिहिली, अक्षरं धावली, फाइल तयार झाली. मूळ वेबएम काही शे केबीची, ही शंभर एमबीच्या वर. एवढ्या आकारात पारदर्शकता मावली असणारच, असं स्वतःला समजावत टाइमलाइनवर टाकली.

काळा चौकोन.

आता सांगते तो भाग नीट वाचा, कारण मी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवला. एफएफएमपेगबरोबर एफएफप्रोब नावाचं तपासायचं साधन येतं. त्याने तयार झालेली फाइल तपासली. पिक्सेल फॉरमॅटच्या नावात ‘वाययूव्ही’नंतर ‘ए’ होता, म्हणजे अल्फा आहे. मग दोष एडिटरचाच, असं ठरवून मी त्याच्या सेटिंगमध्ये घुसले. अल्फा ‘स्ट्रेट’ समजा, ‘प्रीमल्टिप्लाय’ समजा, उलटा करा, दुर्लक्ष करा. सगळं करून झालं. प्रोजेक्ट नवा उघडला, एडिटर काढून परत बसवला. साप साप म्हणून भुई धोपटत होते. शेवटी सहज एक पारदर्शक पीएनजी चित्र तिथेच टाकून पाहिलं, तर ते निमूटपणे आरपार दिसलं. म्हणजे एडिटर निर्दोष. ही चाचणी पहिल्या पाच मिनिटांत केली असती तर एक संध्याकाळ वाचली असती. तुम्ही आधी करा.

मग मूळ वेबएम तपासली. तिच्यात ‘वाययूव्ही४२०पी’. ‘ए’ नाही! मला सगळं उलगडल्यासारखं वाटलं: फाइल मुळातच पारदर्शक नाही, माझ्या प्रोरेसमध्ये जो ‘ए’ दिसला तो रूपांतरात आपोआप जोडला गेलेला, पूर्ण अपारदर्शक अल्फा आहे. यातलं दुसरं अनुमान बरोबर निघालं आणि पहिलं साफ चूक. पण मी थांबते कुठे. ज्याने ते फुलपाखरू मोफत दिलं होतं, त्या बिचाऱ्याला रात्री साडेअकराला मेल पाठवली, की पारदर्शक म्हणून सांगता आणि फाइल तर तशी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सकाळी दोन ओळींचं शांत उत्तर आलं: पिवळ्या पार्श्वभूमीचं वेबपान करून त्यात ही फाइल लावून बघा. लावली. ब्राउझरमध्ये निळं फुलपाखरू पिवळ्यावर ऐटीत उडत होतं.

मग एफएफप्रोबने छापलेला मजकूर शेवटपर्यंत वाचला, जो आधी मी अर्धाच वाचला होता. खाली एक ओळ होती, ‘अल्फा_मोड : १’. वेबएममध्ये अल्फा चित्राच्या आत मिसळलेला नसतो. रंगाचं चित्र एका प्रवाहात, आणि पारदर्शकतेचं चित्र बाजूला, जोडपत्रासारखं वेगळं दाबून ठेवलेलं असतं. ब्राउझर दोन्ही वाचून जुळवतो. माझ्या वेबएमच्या आतला कोडेक व्हीपी९. माझ्याकडच्या एफएफएमपेगचा तो वाचणारा नेहमीचा डिकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारा भाग, मात्र फक्त मुख्य प्रवाह वाचत होता. जोडपत्र पाकिटातच राहत होतं, आणि पारदर्शक जागेत जो काळा रंग भरलेला होता तो उघडा पडत होता. कन्व्हर्टरवाल्यांवर मी चिडले खरी, पण स्वतः आज्ञा लिहूनही मी तेच केलं होतं.

उपाय एवढाच, की वाचायला ‘लिबव्हीपीएक्स-व्हीपी९’ हा डिकोडर वापर असं त्याला स्पष्ट सांगायचं. मी सांगितलं आणि पुन्हा काळा चौकोन आला. त्या क्षणी मी लॅपटॉप मिटून उठले होते.

चूक जागेची होती. एफएफएमपेगच्या आज्ञेत इनपुट फाइलच्या आधी लिहिलेलं सगळं इनपुटला लागू होतं, नंतर लिहिलेलं आउटपुटला. मी डिकोडरचं नाव फाइलनंतर लिहिलं होतं. तिथे हायफन-सी-कोलन-व्ही हा कोडेक निवडायचा पर्याय दोनदा झाला, म्हणून एफएफएमपेगने शेवटचा तेवढा धरला. तसा इशाराही त्याने पिवळ्या अक्षरांत दिला होता. हिरव्या अक्षरांवर चार दिवस विश्वास ठेवणाऱ्या बाईने पिवळी अक्षरं वाचली नाहीत. योग्य क्रम असा: आधी हायफन-सी-कोलन-व्ही आणि डिकोडरचं नाव, मग हायफन-आय आणि वेबएम फाइल, मग पुन्हा हायफन-सी-कोलन-व्ही आणि प्रोरेस लिहिणाऱ्या भागाचं नाव ‘प्रोरेस_केएस’, प्रोफाइल ४४४४, पिक्सेल फॉरमॅट ‘ए’ असलेला, आणि शेवटी नव्या एमओव्हीचं नाव. फाइल जुन्या व्हीपी८ची असेल तर डिकोडर नुसता ‘लिबव्हीपीएक्स’.

चौकोन गेला. फुलांवरून फुलपाखरू उडालं. मी ते आठ सेकंद वीसेक वेळा तरी पाहिले.

विसाव्या वेळेला पंखांच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसली, पण आता मी शहाणी झाले होते. कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये मागचा काळा रंग आधीच मिसळलेला असेल तर त्याला प्रीमल्टिप्लाय म्हणतात, नसेल तर स्ट्रेट. एडिटरचा अंदाज उलटा असला की अशी रेघ येते. क्लिपच्या सेटिंगमध्ये दुसरा पर्याय निवडला, रेघ गेली. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता सुचतील तशा चार गोष्टी. साइटवर पीएनजी सिक्वेन्स मिळत असेल तर तीच घ्या, डिकोडरची भानगडच नको. प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, अल्फासकट. फक्त आत घेताना ‘इमेज सिक्वेन्स’वर खूण करा. नंतर एका फांदीच्या अ‍ॅनिमेशनला मी ते विसरले, तर एडिटरने २४० चित्रं पाच-पाच सेकंदांची सुटी फोटो म्हणून मांडली आणि माझा चार मिनिटांचा व्हिडिओ वीस मिनिटांनी लांबला.

ठिणग्या, प्रकाशाचे झोत, धूर असं काही काळ्या पार्श्वभूमीवर असेल तर अल्फाच्या मागे लागू नका. साधी एमपी४ घ्या आणि ब्लेंड मोड, म्हणजे वरचं चित्र खालच्यात मिसळायची पद्धत, ‘स्क्रीन’ करा, काळं आपोआप दिसेनासं होतं. फुलपाखराला हे चालत नाही, पंखांवरच्या काळ्या नक्षीतून मागची फुलं दिसायला लागतात. करून बघितलंय.

प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमचा आणि अ‍ॅनिमेशन ३०चं असेल तर पंख मधूनच अडखळतात. प्रोजेक्ट सुरू करण्यापूर्वी हे जुळवा, नंतर बदलायला गेलं की सगळे कट सरकतात. आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची एमकेव्ही फाइल एमपी४ करायची असेल, आत एच.२६४च असेल, तर पुन्हा दाबायला लावू नका. एफएफएमपेगला ‘कॉपी’ सांगितलं की नुसता डबा बदलतो, काही सेकंदांत, चित्राला धक्का न लावता.

हे खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं: परवान्याचं. मोफत म्हणजे काहीही करायची मुभा असं नाही. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. सीसी झीरो असेल तर श्रेय देणंही बंधनकारक नाही. सीसी बीवाय असेल तर कर्त्याचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्यावा लागतो, बदल केला असेल तर तेही सांगावं लागतं. पुढे ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करायची नाही. डाउनलोड करता त्याच दिवशी पानाचा स्क्रीनशॉट फाइलशेजारी ठेवा. मी ठेवला नव्हता आणि शेवटी श्रेय लिहिताना शोधाशोध झाली.

फुलपाखरू सीसी बीवायचं निघालं. फुलंही निळी होती म्हणून मी त्याला केशरी केलं होतं, ते श्रेयाच्या ओळीत लिहिलं. मग कर्त्याला दुसरी मेल पाठवली, माफीची. सोबत आज्ञेची ती ओळही जोडली, माझ्यासारखी आणखी कुणी रात्री साडेअकराला भांडायला आली तर तिला पाठवता येईल म्हणून.