१२७ दात्यांचा गिअर

शनिवार, रात्री

लेथ मिळाला, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन. एका बंद पडलेल्या टूलरूमचा लिलाव होता. लेथ इंची मापाचा आहे, लीड स्क्रूला (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंचात आठ आटे, वयानं बराच जुना, पण ज्यानं वापरला त्यानं तेलपाणी वेळेवर केलेलं दिसतं. पाहणीच्या दिवशीच मी तो नीट बघून ठेवला होता. लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब सपाट रूळ, झिजतो तो चकाजवळ (काम पकडणाऱ्या जबड्यांजवळ), कारण बहुतेक काम तिथेच होतं. म्हणून सॅडल (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) चकाजवळ आणायचं, त्याची सैलपणा घालवणारी गिब पट्टी आवळायची आणि हँडव्हील फिरवत सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, न्यायचं. झीज जास्त असेल तर सॅडल वाटेत अडकून बसतं. याचं थोडं जड झालं, अडकलं नाही. मग चकात जाड दांडा धरला, डायल गेज लावला आणि दांडा हातानं वर उचलून पाहिला. काटा जेमतेम हलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या स्पिंडलची बेअरिंग ठीक. बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला हातानं केलेल्या स्क्रेपिंगच्या खुणा अजून शाबूत आहेत.

आणि ताजा रंग नव्हता! मला ही फार मोठी गोष्ट वाटते. विकण्याआधी घाईनं रंगवलेलं मशीन दिसलं की मी दोन पावलं मागे सरतो. झीज मोजता येते. रंगाखाली काय बुजवलंय ते मोजता येत नाही.

थ्री फेज मोटर बघून बरेच छंदी लोक बोली लावत नाहीत, त्याचा मला फायदा झाला. खरं तर मोटरच्या पाटीवर दोन व्होल्टेज लिहिलेले असतील आणि ती डेल्टामध्ये (कमी व्होल्टेजच्या जोडणीत) जोडता येत असेल, तर घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारं उपकरण) लावून काम होतं, वर वेग कमी-जास्त करायची सोयही मिळते. पाटी वाचायला कुणी वाकत नाही.

आता ज्या गोष्टीनं दिवसभर डोकं खाल्लं ती लिहितो. यादीत लेथ एका लॉटमध्ये होता आणि त्याचे चेंज गिअर (हवा तो आटा पाडायला बदलायचे गिअर) भलत्याच लॉटमध्ये. ‘किरकोळ हत्यारे’ असं लिहिलेल्या एका खोक्यात, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारी हत्यारं) आणि मोडक्या ड्रिलांच्या खाली पडले होते. फेसप्लेट तिसरीकडे. स्टेडी रेस्टचा तर पत्ताच नाही. गिअरच्या त्या ढिगात १२७ दात्यांचा एक होता. मी तिथेच उभा राहून दाते मोजले.

एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. २५.४ ला पाचानं गुणलं की १२७ होतात, आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत. त्यामुळे इंची लीड स्क्रूवरून अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर साखळीत हा गिअर लागतोच. त्याच्याशिवाय जवळपास जाता येतं, पण नेमकं नाही. असा गिअर खोक्यात गेला म्हणजे लेथनं निम्मं काम गमावलं, आणि खोकं नेणाऱ्याच्या हाती आलं काय, तर दाते असलेलं एक वजनदार चाक.

पाहणीच्या दिवशीच मी लिलावाच्या माणसाला हे दाखवलं होतं. तो म्हणाला, यादी छापून गेली, आता बदल नाही. त्याचंही खरं. स्वतः उचलून इकडचं तिकडे ठेवणं मात्र मला मान्य नाही, मग ते कितीही योग्य जागी का ठेवलं जात असेना. ज्या माणसानं सकाळी खोकं बघून मनात रक्कम ठरवली, त्याच्या खोक्यातून वस्तू काढणं ही चोरीच.

खोक्यावर बोली चढत गेली. मी आकडा घरून वहीत लिहून नेला होता. त्यात उचलायचा खर्च, वाहतूक आणि हातोडा पडल्यावर वरून लागणारं कमिशनही धरलं होतं. खोक्यानं तो आकडा ओलांडला आणि मी हात खाली ठेवला. खोकं साठीच्या एका गृहस्थांना गेलं.

माल उचलायच्या वेळी ते स्वतःच माझ्याकडे आले. हातात गिअर, सुतळीत ओवलेले.

“लेथ तुम्ही घेतलात ना? मग हे माझ्याकडे कशाला? मी रीमरसाठी खोकं घेतलं.”

मी पैसे विचारले. ते नको म्हणाले.

“एक काम करा. गनमेटलचे दोन बुश काढून द्या. माझ्याकडे लेथ नाही आणि गाडी इटालियन आहे.”

मी म्हटलं, “काका, दोन काय, गाडीत लागतील तेवढे काढून देतो.”

रविवार

झोप नीट लागली नाही, आनंदानं. सकाळभर गिअर रॉकेलमध्ये धुतले. एकाचाही दाता तुटलेला नाही.

लिलावात कसं वागावं याबद्दल लोक बोलतात तेव्हा बहुतेकांचा रोख बोलीवर असतो. शेवटच्या क्षणी बोली लावावी का, ओळखीच्या माणसाच्या विरुद्ध हात वर करावा का. शेवटच्या क्षणी लावली तर मला त्यात वावगं दिसत नाही. ज्याचा आकडा आधीपासून ठरलाय त्याला त्यानं फरक पडत नाही. ओळखीच्या माणसाला ‘मी या व्हाइससाठी आलोय’ असं मोकळेपणानं सांगणंही ठीक. पण एकानं दुसऱ्याला पैसे देऊन गप्प बसवायचं आणि भाव पाडायचा, ही सरळ लबाडी आहे. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांच्या अशा संगनमताला १९२७ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय. तसंच, पाहणीला आलेल्या चारचौघांत ‘याचा स्पिंडल गेलाय’ असं मोठ्यानं म्हणायचं आणि नंतर स्वतःच बोली लावायची, हेही मी पाहिलंय. अशा माणसाशेजारी उभं राहायलाही नको वाटतं.

पण माझ्या लेखी लिलावात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते संच फुटण्यानं, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

थ्री-जॉ चकाच्या जॉवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते जॉ त्याच चकाचे. चकातल्या गोल पाटीवर सर्पिल आटा असतो, तो ज्या क्रमानं जॉला उचलतो त्याप्रमाणे प्रत्येक जॉचे दाते थोडे पुढे-मागे कापलेले असतात. दोन नंबर हरवला म्हणून दुसऱ्या चकाचा दोन नंबर आणून बसवला, तर दांडा मध्यावर धरला जाईलच असं नाही. उलटे जॉ तर हमखास वेगळ्या खोक्यात जातात. स्लिप गेजच्या (एकावर एक रचून माप जुळवायच्या ठोकळ्यांच्या) डब्यातला एक तुकडा गेला की डब्याची किंमत निम्म्यावर येते, कारण बाकीचे सगळे त्या तुकड्याच्या भरवशावर मापं जुळवत असतात. मायक्रोमीटरचा स्टँडर्ड रॉड, कॉलेटच्या ओळीतलं मधलंच एखादं माप, डिव्हायडिंग हेडच्या प्लेटा... हे सगळं सुटं निघालं की भंगारात जातं.

काही जण तर हे मुद्दाम करतात. धडधाकट लेथ घ्यायचा, त्याचे गिअर, स्टेडी, टूलपोस्ट, टेलस्टॉक वेगवेगळे विकायचे आणि उरलेला बेड वितळायला द्यायचा. हिशेब फायद्याचा आहे, हे मला कळतं. मायफर्डसारख्या लेथचं तर विचारायलाच नको. त्यांचा एमएल-७ १९४६ साली आला, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधला कारखाना २०११ मध्ये बंद झाला, तरी जगभर छंदी माणसं तो वापरतायत आणि मूळ जोडसामानाला मागणी आहे. पण चालू मशीन मारून त्याचे अवयव विकणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर उत्पन्न होत नाही, तो कितीही सज्जनपणे बोलला तरी.

बुधवार

काकांकडे जाऊन आलो. गाडी आहे, पण डब्यांत! आधीच्या मालकानं हौसेनं सगळी खोलली आणि मग तशीच विकून टाकली. जुन्या इटालियन गाड्या अशा फार विकायला येतात. स्वस्त वाटतात, कारण महाग भाग नेमका गायब असतो.

इथेही तेच. ट्विन-कॅम हेड, दोन कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), आणि कॅम बसतात त्या बेअरिंग कॅपपैकी एक नाही. प्रत्येक कॅपवर नंबर कोरलेला, डबे पालथे घातले तरी तो नंबर मिळाला नाही. या कॅप हेडवर आवळून मग सगळ्या एका रेषेत बोअर करतात. त्यामुळे दुसऱ्या हेडची कॅप आणून लावली तर शाफ्ट अडकतो, नाहीतर ढिला बसतो. चकाच्या जॉचं जे, तेच इथे. काकांनी विचारलं, लेथवर जमेल का? मी स्पष्ट नाही म्हटलं. परकी कॅप आणायची, तिचा बसायचा चेहरा थोडा उतरवायचा आणि लाइन बोरिंगवाल्याकडून हेडवरच बोअर करून घ्यायची. हा खर्च टाळण्यात अर्थ नाही.

या गाड्यांना ‘त्रासदायक’ म्हणून हिणवतात तेव्हा मला राग येतो. त्रास होता, खोटं कशाला बोलायचं? नेपल्सजवळ पोमिल्यानो द’आर्कोला बनणारी अल्फासूद १९७१ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा तिच्या वळणावरच्या पकडीची सगळ्यांनी तारीफ केली, आणि थोड्याच वर्षांत पत्रा सडायला लागला. लान्चा बीटाचं तर १९८० मध्ये ब्रिटनमध्ये असं झालं, की इंजिन ज्या सबफ्रेमवर टांगलेलं तिचा आधारच गंजला आणि कंपनीला मालकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पण हा दोष पत्र्याचा, गंजरोधक कामाचा. पत्रा आणि वायरिंगचे अर्थिंगचे जोड सोडले, तर आतलं यंत्र अप्रतिम आहे. ऑरेलिओ लाम्प्रेदींनी केलेलं फियाटचं ट्विन-कॅम इंजिन १९६६ मध्ये आलं. कॅम फिरवायला दातेरी पट्टा, आणि टॅपेटची फट ठरवणारे शिम (पातळ चकत्या) बकेटच्या, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाटीच्या, वर. योग्य हत्यार असेल तर कॅमशाफ्ट न काढता शिम बदलता येतो. अल्फाच्या ट्विन-कॅममध्ये शिम बकेटखाली, म्हणजे एका टॅपेटसाठीसुद्धा कॅमशाफ्ट उचलायचा. मेकॅनिक वैतागतो. पण मायक्रोमीटर वापरणाऱ्या माणसाला ती एक निवांत संध्याकाळ असते: फट मोजा, शिम मोजा, वजाबाकी करा, नवीन शिम निवडा.

१९७२ च्या अल्फेतामध्ये वजन सारखं वाटलं जावं म्हणून क्लच आणि गिअरबॉक्स मागे नेला. त्यामुळे लांबलचक शाफ्ट सतत इंजिनच्या वेगानं फिरतो आणि त्याचे रबरी कपलिंग खराब झाले की गाडी थरथरते. ते रबर वेळेवर बदलायचं असतं. ज्यानं बदललं नाही, तो गाडीला नावं ठेवतो.

शनिवार

बुश, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या नळ्या, झाले. गिअर लिव्हरच्या जोडातल्या पिना मायक्रोमीटरनं मोजून घेतल्या होत्या. भोक थोडं कमी ठेवलं आणि काकांच्याच रीमरनं शेवटचा हात फिरवला. पिन अंगठ्यानं दाबली की आत सरकते, हलवली तर हलत नाही.

मग १२७ चा गिअर चढवला. फियाटच्या बऱ्याच जुन्या गाड्यांप्रमाणे काकांच्या गाडीलाही चाक लावायला स्टड-नट नाहीत, बोल्ट आहेत, १२ मिलिमीटर व्यासाचे आणि १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). दुकानात सहज मिळणारा १२ चा बोल्ट १.७५ पिचचा, तो इथे चालत नाही. चाक एका हातानं उचलून धरायचं आणि दुसऱ्या हातानं भोक शोधत बोल्ट घालायचा, यात कंबर जाते. म्हणून हबमध्ये आधी एक लांब पिन फिरवायची, चाक तिच्यावर अडकवायचं, बाकी बोल्ट लावायचे आणि पिन काढून तिथे शेवटचा बोल्ट. चाकाचे बोल्ट मी कधी घरी बनवणार नाही, ते ठरलेल्या ताकदीच्या पोलादाचेच हवेत. ही पिन मात्र साध्या माइल्ड स्टीलची चालते.

आठ आट्यांच्या लीड स्क्रूचा पिच ३.१७५ मिलिमीटर. त्याला ५० नं गुणून १२७ नं भागलं की उत्तर येतं १.२५, पुढे एकही अंक नाही. ५० चा गिअर त्याच सुतळीत होता!

पहिल्या फेरीत टूल नुसतं टेकवलं. दांड्यावर केसासारखी रेघ उमटली. व्हर्नियर लावला, दहा आट्यांना १२.५. बरोबर. इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ-नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) शेवटपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर टूल पुन्हा त्याच खाचेत पडत नाही. प्रत्येक फेरीनंतर टूल बाहेर काढायचं आणि स्पिंडल उलटा फिरवून मागे यायचं. माझा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो, उलट्या मोटरनं तो सैल होऊ शकतो, म्हणून मोटर बंद ठेवून स्पिंडलच्या मागे हाताचं हँडल लावलं. वेळ लागला. खोली पाऊण मिलिमीटरच्या किंचित पुढे गेली आणि काकांनी पाठवलेला नट शेवटपर्यंत बोटानं फिरला. दोन पिना काढल्या, एक त्यांना, एक माझ्याकडे.

रविवार

काल नट फिरला तेव्हापासून एक विचार सुरू आहे. त्या टूलरूमचे गिअर खोक्यात कुणी दुष्टपणानं टाकले नव्हते. यादी करणाऱ्याला ते कशाचे हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो सांगायला तिथे नव्हता. माझ्या खोलीचंही एक दिवस असंच होणार. घरच्यांना लेथ ओळखू येतो, पण उलटे जॉ कोणत्या चकाचे हे कसं कळावं?

आज कामाला लागलो. लेथच्या प्रत्येक सुट्या भागाला पत्र्याचा बिल्ला, त्यावर पंचनं लेथचा सीरियल नंबर. गिअर एका खिळ्यावर, मागे दात्यांची यादी. प्रत्येक खणाच्या आत मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: हे कशाचं आहे, कशासोबत द्यायचं आणि काय कधीच वेगळं विकायचं नाही. बायकोला दाखवलं. तिनं वाचून सांगितलं की ‘सुटे विकू नये’ असं नुसतं लिहून कुणी ऐकणार नाही, वेगळं केलं तर काय अडेल तेही लिहा. पटलं. १२७ च्या बिल्ल्याखाली लिहिलं: हा नसेल तर या लेथवर मेट्रिक आटे अचूक पडत नाहीत.

ड्रिलिंग मशीनचा खण आणि टॅप-डायचे डबे राहिलेत. त्यांना आणखी एक रविवार लागेल.