खापरपणजीच्या नावापुढचा एक शब्द

आमच्या घरात खापरपणजीबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची, ती म्हणजे तिला लिहितावाचता येत नव्हतं. बास. फोटो नाही, पत्र नाही, नाव पण आत्याला अर्धवट आठवत होतं. त्यामुळे चर्चच्या जुन्या वह्या बघायला गेले तेव्हा माझी अपेक्षा एवढीच होती की तिचं पूर्ण नाव मिळेल आणि वंशावळीतली ती रिकामी चौकट भरेल.

सुरुवात पणजोबांपासून केली कारण आईचं नाव मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मिळतं. पहिलाच घोळ तिथे झाला. एकाच वर्षात एकाच नावाची दोन मुलं, वडिलांचं नावही तेच, आता यातला आपला कुठला? फादर म्हणाले, मार्जिन बघा. मी तोपर्यंत मार्जिनकडे लक्षच दिलं नव्हतं. १९०८ च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चमध्ये असा नियम लागू झाला की माणसाचं लग्न झालं की ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीही लिहायचं, आणि एका मुलाच्या शेजारी बारीक अक्षरात आमच्या पणजीचं नाव होतं. म्हणजे हाच. तुम्ही असं काही शोधत असाल तर आधी मार्जिन वाचा, खरंच, निम्मी कामं तिथेच होतात.

मग मी वेड्यासारखी मागे मागे जात राहिले. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, ठेवायच्या हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्येच ठरवलं होतं आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची वहीसुद्धा त्यात घातली, त्यामुळे या वह्यांची एक ठरलेली भाषा असते. सगळं लॅटिन, पण तेच तेच पंधरा-वीस शब्द. नातुस म्हणजे जन्मला, सेपुल्तुस म्हणजे पुरला, सिर्किटर म्हणजे अंदाजे, आणि मृत्यूच्या वहीत हा सिर्किटर सारखा भेटतो कारण वय कुणालाच नक्की माहीत नसायचं. महिन्यांनी मात्र मला फसवलं. सातचा आकडा आणि पुढे "बर" असं लिहिलेलं मी आठवडाभर जुलै समजून वाचत होते, तो सप्टेंबर निघाला, कारण लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात आणि जुन्या रोमन कॅलेंडरात तो सातवा महिना होता. माझ्या सगळ्या तारखा परत तपासाव्या लागल्या.

लग्नाची नोंद सापडली. लग्न ठरल्याचं तिन्ही रविवारी चर्चमध्ये जाहीर केलं, कुणी हरकत घेतली नाही असं लिहिलंय, खाली सह्यांच्या जागी नवऱ्याची वाकडीतिकडी सही आणि तिच्या नावापुढे फुली. ती फुली बघून मी बराच वेळ तशीच बसले. शाई पानाच्या मागच्या बाजूला उतरलीय इतकी दाबून काढलीय. घरातली गोष्ट खरी होती म्हणजे, तिला लिहिता येत नव्हतं.

मुलांच्या नोंदींबद्दल मी थोडक्यातच लिहिते. सात बाप्तिस्मे, आणि मृत्यूच्या वहीत त्यातली चार नावं. एका मुलाचं नाव दोनदा येतं कारण पहिला गेल्यावर दुसऱ्याला तेच ठेवलं, आणि तो दुसरा म्हणजे माझे पणजोबा.

इथे मी थांबणार होते. पण दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळाची एक नोंद वाचताना तिचं नाव दिसलं. वाटलं, गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्ममाता असेल. पण गॉडमदरचं नाव वेगळंच होतं. खापरपणजीचं नाव वर होतं, जिथे एरवी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाव असतं तिथे, आणि त्याच्यापुढे एक शब्द, ऑब्स्टेट्रिक्स. डिक्शनरी काढायची गरजच पडली नाही, ऑब्स्टेट्रिशियन हा शब्द आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती सुईण होती. आणि आमच्या घरात कुणालाही हे माहीत नव्हतं!

याचा अर्थ नीट सांगते. बाळ जगत नाही असं वाटलं आणि पाद्री पोचेपर्यंत वेळ नाही, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाईसुद्धा, आणि कुठल्याही भाषेत. पाणी ओतायचं आणि म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. हे शब्द चुकता कामा नयेत म्हणून तो १६१४ चा विधिग्रंथच पाद्र्यांना सांगतो की लोकांना आणि खास करून सुइणींना हे नीट शिकवून ठेवा. म्हणजे कुणीतरी माझ्या खापरपणजीला समोर बसवून ते वाक्य पाठ करून घेतलं असणार.

मग मी सगळी वही परत पहिल्यापासून वाचली, या वेळी फक्त त्या एका शब्दासाठी. आणि त्यात एक गोष्ट दिसली जी अजून कुणाला सांगताना माझा गळा दाटून येतो. बाळ वाचलं की त्याला नंतर चर्चमध्ये आणायचे आणि तेल लावणं वगैरे राहिलेले विधी करायचे. पण घरी दिलेल्या बाप्तिस्म्याबद्दल पाद्र्याला शंका असली तर तो "सुब कॉन्दितिओने" असं लिहून परत पाणी ओतायचा, म्हणजे आधी झाला नसेल तर आता देतो, या अटीवर. तिच्या सुरुवातीच्या सगळ्या नोंदींमध्ये ते शब्द आहेत. दर वेळी. तिचं ऐकून घेतलं आणि तरी परत पाणी ओतलं. मग काही वर्षांनी एक नोंद येते ज्यात ते नाहीत, फक्त राहिलेले विधी केले एवढंच, आणि त्यानंतर एकदाही नाहीत. अक्षर तेच, पाद्री तोच. बदललं ते एवढंच की आता तिच्या शब्दावर काम भागत होतं.

तिच्या मृत्यूची नोंद चर्चमधल्या वहीत पाण्याने पार धुऊन गेली होती. ती मिळाली मायक्रोफिल्मवर. अमेरिकेतल्या युटामधली वंशावळ सोसायटी १९३८ पासून जगभरच्या अशा वह्यांचे फोटो घेत आलीय आणि २०२१ मध्ये त्यांनी साधारण २४ लाख रोल डिजिटल करून पूर्ण केले, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर बरेचसे फुकट बघता येतात. वही भिजायच्या आधी कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, त्या माणसाचे मी किती आभार मानू कळत नाही. वय अंदाजे ७०, सगळे संस्कार मिळाले, आणि नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, पण त्याच्याही आधी तोच शब्द, ऑब्स्टेट्रिक्स.

आजोबांची नोंद मी शोधलीच नव्हती. त्यांची जन्मतारीख माहीत होती, मी त्यांच्या मांडीवर खेळलेय, कशाला शोधायचं? सगळ्यात शेवटी, वही बंद करायच्या आधी सहज ते पान काढलं. घरी बाप्तिस्मा, मृत्यूचा धोका असल्यामुळे, आणि देणारीच्या नावापुढे या एका वेळी ऑब्स्टेट्रिक्स नाही, तिथे आविया लिहिलंय. आविया म्हणजे आजी.

त्यांच्या वरच्या आणि खालच्या ओळीतली दोन्ही बाळं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत चर्चमध्ये आणलेली आहेत. आजोबांना यायला २३ दिवस लागले.