बायपासच्या दिवशी बाहेर बसणाऱ्यांसाठी

परळच्या एका हॉस्पिटलात मी कार्डिअ‍ॅक आयसीयूची सिस्टर होते. आता निवृत्त होऊन डोंबिवलीत असते, तरी ओळखीत कुणाची बायपास ठरली की फोन येतोच, "ताई, त्या दिवशी नेमकं काय काय होतं?" ऑपरेशन कसं करणार ते सर्जन समजावतात. बाहेर बसलेल्या माणसांचा दिवस कसा जाणार, हे मात्र त्यांना कुणी नीट सांगत नाही.

रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, पाण्याबद्दल भूलतज्ज्ञ सांगतील तसं. छातीचे केस काढतात, पायांचेही काढतात. "ऑपरेशन हृदयाचं, मग पाय कशाला?" असं घरचे विचारतात. पायातली शीर काढून ती हृदयाला जोडायची असते, म्हणून. पहाटे औषधी द्रावणाने आंघोळ. कवळी, अंगठ्या, मंगळसूत्र सगळं उतरवायचं. मंगळसूत्र काढताना बायकांचा जीव कासावीस होतो, मी पाहिलं आहे. अंगावर धातू असला तर ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणामुळे तिथे भाजू शकतं, एवढं समजलं की त्या स्वतःच काढून देतात. नेलपॉलिशही पुसा, ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्याला नख स्वच्छ लागतं.

रक्तदाते लागणार असतील तर ते आधीच्या दिवसांत पाठवा. ऑपरेशनच्या सकाळी विरारहून गर्दीच्या लोकलने उपाशीपोटी आलेला भाचा ब्लड बँकेत चक्कर येऊन बसतो, आणि त्याच्याकडे बघायला आणखी एक माणूस लागतो.

आता घड्याळाबद्दल. पेशंटला सातला आत नेलं म्हणजे सातला ऑपरेशन सुरू झालं, असं नसतं. भूल, श्वासाची नळी, मानेतल्या आणि मनगटातल्या रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी (लाइन) यातच तासभर जातो. पुढे किती ग्राफ्ट (हृदयाला जोडायच्या रक्तवाहिन्या) आहेत त्यावर तीन ते सहा तास. हृदय थांबवून रक्ताभिसरण मशीनवर घेतात. आपल्याकडे पुष्कळ बायपास धडधडत्या हृदयावरही करतात. शेवटी रक्तस्राव तपासायचा, छातीचं हाड तारेने बांधायचं. आयसीयूत आणून सगळे मॉनिटर जोडायलाही वेळ लागतो. त्यामुळे दुपारचे तीन वाजले तरी कुणी बाहेर आलं नाही, म्हणून लगेच वाईट मनात आणू नका. ही ताटकळण्याची वेळच माणसांना सगळ्यात जास्त पिळते.

मग नाव पुकारतात आणि एकालाच आत सोडतात. जो जाणार असेल त्याने पुढचं नीट वाचा. चेहरा सुजलेला आणि फिकट असेल, हात-पाय गार लागतील. तोंडात व्हेंटिलेटरची नळी, छातीखालून निघालेल्या नळ्यांमधून बाटलीत उतरणारं लालसर पाणी, लघवीची पिशवी. नळी ओढू नये म्हणून कधी हात सैलसर बांधलेले असतात. ती शिक्षा नव्हे. नळी स्वरतंतूंमधून जाते, त्यामुळे शुद्धीवर असूनही माणसाला बोलता येत नाही. रडू आलं तर येऊ दे, पण त्यांच्या कानाशी स्पष्ट सांगा: "ऑपरेशन झालं, आम्ही सगळे इथेच आहोत." भुलीतून बाहेर येताना ऐकू येत असतं. हात धरायला सिस्टरला विचारा, बहुतेक जणी हो म्हणतात.

नळी काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. घसा दुखतो, आवाज बसलेला असतो, आणि तहान तर विचारूच नका. तरी आधी फक्त घोटभर पाणी. वयस्कर माणसं रात्री कधी बरळतात, मुलाला ओळखत नाहीत. घाबरू नका, पण सिस्टरला लगेच सांगा. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. मग तीन छोटे चेंडू असलेल्या श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातून श्वास ओढायला लावतात आणि उशी छातीशी घट्ट धरून खोकायला सांगतात. दुखतंय म्हणून पेशंटला त्यातून सूट देऊ नका. कफ साठला की न्यूमोनियाची भीती.

रात्री आयसीयूबाहेर एकानेच थांबायचं. गावाहून आलेली दहा माणसं व्हरांड्यात जागून पेशंटला काहीच उपयोग होत नाही. बाकीच्यांनी घरी जाऊन जेवून झोपा. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर पेशंटने साधी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, आणि ते सगळं तुम्हालाच करायचं आहे.