खारपाणपट्ट्यात रीफ टाकी : दगडांची नोंद, आठवडा 5

रीफ टाकी म्हणजे पोवळी ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. माप 3 × 1.5 × 1.5 फूट, रिकामी 190 लिटर. दगड-वाळू जाऊन पाणी राहील 160. गाव दर्यापूर तालुक्यातलं. बोअरचं पाणी आधीच खारं, पण हा खारेपणा समुद्राचा नव्हे. आरओ आणि डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे मणी) टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 0 झाल्यावरच त्यात मीठ, लिटरला 36 ते 38 ग्रॅम, घनता 1.025.

समुद्रातून काढलेला जिवंत दगड, म्हणजे जिवाणू-किडे वसलेला पोवळ्याचा जुना सांगाडा, पहिल्याच फेरीत बाद. आपल्या किनाऱ्यावरची पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिवाय मे महिन्यात ओल्या कागदात गुंडाळून मुंबईहून आणला, तर आतले स्पंज-किडे वाटेतच मरतात आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून कोरडा अॅरागोनाइट (पोवळ्याच्या सांगाड्यासारखाच चुन्याचा दगड), 16 किलो : तीन मोठे तुकडे, बाकी मुठीएवढे.

वणीकडची चुनखडी स्वस्त पडते. व्हिनेगर टाकला की फसफसतेही, पण तेवढ्यानं भुलू नका. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका, ओघळून जातो. सच्छिद्र दगडावर तो पडताच मुरतो. नायट्रेट खाणारे जिवाणू अशाच खोल, कमी ऑक्सिजनच्या छिद्रांत राहतात. चांगला दगड दिसतो त्या मानानं हलका लागतो. बांधावरचा काळा दगड तर नकोच.

पहिला आठवडा : ब्रशनं घासून आरओच्या पाण्यात भिजत. 24 तासांनी फॉस्फेट तपासायचं, 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग म्हणजे 1 पीपीएम) खाली येईपर्यंत पाणी बदलायचं. ही पायरी गाळली की पुढे टाकीत हिरवं शेवाळ माजतं.

त्यानंतर दगड झाकणाच्या ड्रममध्ये, खाऱ्या पाण्यात, अंधारात. पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सुरू, तापमान 26 अंश. बाटलीतले जिवाणू टाकून अमोनियम क्लोराइडनं अमोनिया 2 पीपीएम; तो जिवाणूंचा खुराक. ते अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. उन्हाळ्यात हीटर नाही, झाकण अर्धं सरकवून पाण्यावर पंखा. त्यानं पाणी झपाट्यानं उडतं, मीठ मात्र मागे राहतं. ड्रमवर खडूची रेघ मारून रोज तिथपर्यंत साधं आरओ पाणी. खारं पाणी भरलंत तर घनता चढत जाते. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप हवाच, नाहीतर थांबलेल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरतात.

आजचं वाचन : 2 पीपीएम अमोनिया 24 तासांत 0, नायट्राइट अजून 0.5, नायट्रेट 20. नायट्राइटही 24 तासांत 0 झालं की दगड टाकीत जातील, थेट काचेच्या तळावर. वाळू नंतर, कारण तिच्यावर रचलेला ढीग खालून पोखरला की कलंडतो. चारी बाजूंना काचेपासून 4 इंच जागा, काच पुसायचं मॅग्नेट फिरवायला.