आमची वाटचाल : पाव किलो गराचा धंदा

सिंधुदुर्गात काजू कारखाना काढायचा म्हटलं की पहिली चौकशी यंत्रांची होते. बॉयलर केवढा, कटर किती, ड्रायर कुठला. आमची सुरुवातही तशीच झाली. पण या धंद्यातला नफातोटा मार्च ते मे या तीन महिन्यांत, बी खरेदी करतानाच ठरून जातो. नंतरचे नऊ महिने तो फक्त सांभाळायचा.

एक किलो वाळलेल्या बीतून साधारण पाव किलो गर मिळतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या कलमांची बी चांगली भरलेली असेल तर उतारा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. गावठी मिश्र मालात २५ धरूनच भाव बोलावा.

दारात आलेल्या बीची आधी ओल बघायची. झाडाखालून सकाळी वेचून दुपारी आणलेली बी १४ टक्के ओलीची असू शकते, आणि साठवायला ती ९ टक्क्यांच्या आत लागते. १०० किलो बी १४ वरून ९ वर आणली की साडेचौऱ्याण्णव किलो उरते. म्हणजे १४० रुपयांनी घेतलेली बी खळ्यातून गोदामात जाईपर्यंत १४८ ची झालेली असते. सुरुवातीला हे आठ रुपये आमच्या हिशेबात कुठेच नव्हते. आता पोत्याच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मूठ घालून एक किलो नमुना काढतो, दाणे मोजतो आणि सगळे कापून बघतो. किलोला २०० दाणे बसले तर बी सरासरी ५ ग्रॅमची. वेंगुर्ला-७ ची बी किलोला शंभरच्या आसपासच बसते. पोचट, किडकी, काळी पडलेली बी वेगळी काढून उरलेल्या गराचं वजन करायचं. भाव बोलायचा तो या वजनावर, पोत्यावर नाही. शेतकऱ्यासमोरच कापलं की घासाघीस आपोआप कमी होते.

खळ्यावर बी दोन-तीन दिवस कडक उन्हात, दर दोन-अडीच तासांनी परतत वाळवायची. मुठीत घेऊन हलवली की खडखडली पाहिजे. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला आणि अर्धवट वाळलेली बी तशीच पोत्यात भरली, तर ऑगस्टमध्ये पोतं उघडल्यावर वास येतो आणि गराला पिवळट डाग दिसतात. तो माल पुढे कितीही नीट हाताळा, पांढऱ्या गरात जात नाही.

आता पैशाचं बघू. रोज २०० किलो बी कापणारं, वर्षाला २५० दिवस चालणारं छोटं युनिट धरा. त्याला ५० टन बी लागते. १४० रुपयांनी ७० लाख, आणि ते तीन महिन्यांत रोख मोजायचे, कारण शेतकरी उधार देत नाही आणि का द्यावी? साठा हळूहळू उतरत जातो, म्हणून सरासरी ३५ लाख दहा महिने अडकले समजा. ११ टक्क्यांनी सव्वातीन लाखांच्या जवळ व्याज. साडेबारा टन गरावर वाटलं तर किलोला २५ रुपयांच्या पुढे. शिवाय थेट शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, ५ टक्के जीएसटी आपण भरायचा, तोही रोखीत. ७० लाखांवर साडेतीन लाख. गर विकताना लागणाऱ्या करातून तो वळता होतो खरा, पण ऐन हंगामात, जेव्हा रुपया रुपया बीला हवा असतो, तेव्हा हातातून जातो. कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा ठरवताना ही रक्कम धरली नाही तर मेच्या पहिल्या आठवड्यात खरेदी थांबते. नेमकी तेव्हाच आवक भरपूर असते.

कारखान्याच्या आत एकच मोजमाप महत्त्वाचं : शंभरात अख्खे किती. डब्ल्यू-३२० ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० दाणे. तोच दाणा फुटून पाकळी झाला की भाव पडतो, तुकडी झाला की आणखी पडतो. बी आधी चाळणीवर आकारानुसार वेगळी करावी, कारण कटरच्या पात्यांमधलं अंतर आकारावर ठरतं. वाफ कमी बसली तर गर टरफलाला चिकटून फुटतो. जास्त बसली तर टरफलातलं तेल गरावर उतरतं आणि तो पिवळा पडतो. वाफवलेली बी रात्रभर पसरून थंड करावी. घाईने कोमट बी कापली की दुसऱ्या दिवशी तुकड्यांचं टोपलं भरलेलं दिसतं. पुढे ड्रायरमध्ये ६५ ते ७० अंशांवर सहा ते आठ तास, मध्ये एकदा वरचे ट्रे खाली आणि खालचे वर. गर जादा सुकला तर साल काढताना मोडतो, कमी सुकला तर साल सुटत नाही आणि सुरी लावावी लागते. सुरी लागलेला दाणा मग वेगळ्या प्रतीत.

जूनमध्ये भातलावणी सुरू झाली की कापणीचा हॉल रिकामा होतो. त्यावर उपाय नाही. कामावरच्या बायकांची स्वतःची शेती असते आणि ती आधी. आम्ही बॉयलरची दुरुस्ती, पाती घासणं ही कामं त्याच पंधरवड्यात ठेवतो.

बाजारात आमची गाठ आफ्रिकेतून येणाऱ्या बीशी आणि व्हिएतनामसारख्या मोठ्या प्रक्रियादार देशाशी पडते. कोकणातली बी चवीला गोड, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. पण महामार्गावरच्या दुकानात दोन्ही गर शेजारीशेजारी एकाच पाटीखाली दिसतात. म्हणून हंगामातली स्थानिक बी आम्ही वेगळ्या खणात ठेवतो, लॉट नंबर टाकतो आणि पाकिटावर तो छापतो. तुकडी आणि कणी मिठाईवाल्यांकडे जाते. टरफलं बॉयलरला पुरून उरतात; उरलेली तेल गाळणाऱ्यांना.

सध्या दोन कटर वाढवायचे की गोदाम, यावर गोदामाचा निर्णय झाला आहे. जमिनीपासून उंच जोतं, पोत्यांखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर आणि पश्चिमेला खिडकी नाही.