सतरा अंकी डेम्लो संख्येवरचे काम : १२३४५६७८९८७६५४३२१

फक्त एकांनी बनलेल्या संख्येचा (११, १११ वगैरे) वर्ग म्हणजे इथली डेम्लो संख्या. मागच्या नोंदीत ११११ च्या वर्गापर्यंत, म्हणजे १२३४३२१ पर्यंत मजल गेली होती. या पंधरवड्यात थेट या घरातल्या थोरलीलाच, म्हणजे नऊ एकांच्या वर्गाला, हात घातला. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी डोंबिवलीच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून या संख्यांचे बारसे केले, हे बहुतेकांना ठाऊक आहेच.

सुरुवातीला आळसाने संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली, तर पंधरा अंकांपुढचे सारे गाळून तिने शेवटी ३०० लिहून दिले, आणि त्या खोट्या संख्येचे अवयव पाडण्यात माझी एक संध्याकाळ गेली. मग मुकाट्याने चौकटीची वही काढली. नऊ एकांच्या संख्येला तिनेच गुणताना १११११११११ च्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकवत लिहिल्या, की उभ्या रकान्यांत एक, दोन असे करत मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि पुढे ते तसेच उतरत जातात. कुठेही हातचा येत नाही, म्हणूनच हा जिना सुबक राहतो. दहा एकांचा वर्ग केल्यास मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. चढणीवरचा आठ नाहीसा होतो.

मला सर्वांत जास्त गुंतवले ते अंकांच्या बेरजेने. ती ८१ भरते आणि ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो, म्हणजे कापरेकरांच्याच भाषेत ही ‘हर्षद’ संख्या झाली. हे सर्व भावंडांना साधत नाही. एक ते नऊ एकांचे वर्ग तपासले, तेव्हा खुद्द १ सोडल्यास १२३२१ आणि ही थोरली, एवढ्याच दोन हर्षद निघाल्या. १२१ ची बेरीज ४ येते, पण विषम संख्येला ४ ने भाग कसा जाणार? थोरलीला ८१ ने भागल्यावर १२३४५६७९ चा वर्ग उरतो. या १२३४५६७९ मध्येही आठ नाही, तिच्या अंकांची बेरीज ३७ आहे आणि ती बरोबर ३७ × ३३३६६७ आहे, म्हणजे तीही हर्षद! ३३३६६७ मात्र मूळ संख्या असल्यामुळे तिथे वाट संपते.

उलट दिशेने, थोरलीला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९८००००००००१ मिळतात, जो ९९९९९९९९९ चा वर्ग आहे. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ९९९९९९९९९ हातात येते, म्हणजे ही कापरेकर संख्या. हे पाहून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

आता २७ एकांचा वर्ग हर्षद आहे का, हे पाहायचे आहे. हातच्यांमुळे तिथे अंकांची बेरीज २७ चा वर्ग राहणार नाही आणि उत्तर ५३ अंकी असल्यामुळे वही आडवी धरावी लागेल.