दुखावलेला क्वार्टरबॅक घ्यावा का? घ्यावा, पण भाव बघून

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर एप्रिलला एकच भांडण नव्याने पेटतं, दुखापत झालेला क्वार्टरबॅक ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरला उचलावा की नाही. हिंजवडीत अमेरिकन क्लायंटबरोबर रात्र रात्र काम करता करता आमच्यातल्या काही जणांना एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं, व्यसन लागलं आणि ते सुटलं नाही, ड्राफ्टचा पहिला राउंड आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो तेव्हा घरचे झोपलेले असतात आणि आम्ही डोळे चोळत मोबाइलला चिकटलेले. ग्रुपवर एक मायामी डॉल्फिन्स या टीमचा कट्टर भक्त आहे. तो २०२० च्या ड्राफ्टचा विषय निघाला की जेवण सोडून भांडतो, त्यामुळे हे एकदाचं नीट लिहून काढतोय, पुढच्या वर्षी नुसती लिंक टाकायची.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: आपला इंजिनिअरिंगचा कॅप राउंड आठवा, फक्त मेरिट लिस्ट उलटी लावलेली. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली राहिली तिला कॉलेजच्या पोरांमधून पहिला माणूस उचलायचा हक्क, सुपर बोल म्हणजे फायनल जिंकली तिचा नंबर शेवटचा, आणि असे सात राउंड. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू, दर वेळी बॉल त्याच्याच हातातून जातो, चांगला मिळाला तर दहा-पंधरा वर्षांची सोय झाली. त्यामुळे ज्यांच्याकडे तो नाही त्या टीमा येड्यासारख्या वागतात.

२०१९ मध्ये मायामी डॉल्फिन्स तशाच वागल्या असा सगळ्यांचा समज होता. चांगले चांगले खेळाडू विकून पुढचे पिक, म्हणजे ड्राफ्टमधले उचलायचे नंबर, गोळा केले, सुरुवातीच्या सातही मॅच हरले, आणि लोकांनी त्याला टँक फॉर टुआ असं नावच देऊन टाकलं, म्हणजे हरा आणि अलाबामा कॉलेजचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ पदरात पाडून घ्या. १६ नोव्हेंबर २०१९ ला मिसिसिपी स्टेटविरुद्ध खेळताना हा टुआ दोन जणांच्या खाली सापडला आणि त्याचा उजवा खुबा निखळला. मांडीच्या हाडाचा गोळा मागच्या बाजूने वाटीतून निसटला, वाटीची मागची कड मोडली. स्टेडियमवरच सांधा परत बसवला, दोन दिवसांनी ह्यूस्टनला ऑपरेशन.

खुब्याचं एवढं काय, लिगामेंट तर रोज कुणाचंतरी तुटतं, असं वाटेल. पण सांधा निखळला की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि मग हाड आतल्या आत मरत जातं, तेही लगेच दिसत नाही, महिन्या-महिन्यांनी दिसतं. एव्हीएन म्हणतात ते हेच, कोविडनंतर स्टेरॉइडमुळे आपल्याकडेही हा शब्द घराघरात ऐकू यायला लागला होता. फुटबॉलवाल्यांना हा शब्द बो जॅक्सनमुळे माहीत, तो फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळायचा. जानेवारी १९९१ मध्ये एका प्लेऑफ मॅचमध्ये त्याचा खुबा गेला आणि तो माणूस नंतर कृत्रिम सांधा बसवून बेसबॉल खेळला, पण फुटबॉल संपलं ते संपलंच. त्यामुळे टुआच्या बाबतीत डॉक्टरांनी सगळं छान आहे म्हटलं तरी त्या छानला मुदत होती. त्यात मार्च २०२० मध्ये लॉकडाउन. एरवी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टला येणाऱ्या पोरांची चाचणी, होतं, टीव्हीवर पोरं चाळीस यार्ड पळताना दाखवतात पण टीमांचा जीव तिथल्या मेडिकलमध्ये असतो (१९८२ ला ही भानगड सुरू झाली तीच सगळ्यांची तपासणी एका जागी व्हावी म्हणून), आणि ज्यांच्या दुखण्याबद्दल शंका असते त्यांना एप्रिलमध्ये परत बोलावून बघतात. त्या वर्षी ते परत बघणं झालंच नाही. ड्राफ्टसुद्धा कमिशनरच्या घरच्या तळघरातून झाला.

तरी मायामीने पाचव्या नंबरला टुआच घेतला. सहाव्या नंबरला चार्जर्सनी जस्टिन हर्बर्ट घेतला. आणि पहिल्या नंबरला सिनसिनाटी बेंगॉल्सनी जो बरो, ठणठणीत, शंका घ्यायला जागा नाही असा.

आता गंमत बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुडघा फुटला कुणाचा? ठणठणीत बरोचा. लिगामेंट एक नाही अनेक गेली, सीझन खल्लास. (पुढच्याच सीझनला तो टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला ही गोष्ट वेगळी, अशी माणसं वेगळ्याच मातीची असतात.) आणि टुआचा खुबा? २०२३ पर्यंत तरी त्याने मोठा त्रास दिला नाही. २०२३ मध्ये तो पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त, ४६२४ पासिंग यार्डांचा (बॉल फेकून मिळवलेलं अंतर) मानकरी होता. त्याला नडलं ते डोकं. २९ सप्टेंबर २०२२ ला बेंगॉल्सविरुद्ध तो जमिनीवर आदळला आणि त्याची बोटं तशीच वाकडी ताठ झाली, ते दृश्य ज्यांनी बघितलंय ते विसरणार नाहीत. ड्राफ्टच्या वेळी सगळा देश त्याच्या खुब्याचे एमआरआय वाचत बसला होता.

सॅम ब्रॅडफर्डचंही असंच. २००९ ला कॉलेजात उजवा खांदा गेला, ऑपरेशन, तरी २०१० ला रॅम्सनी पहिल्या नंबरला घेतला. खांदा मस्त राहिला, पहिल्या वर्षीचा उत्कृष्ट नवोदित वगैरे झाला, आणि मग २०१३ आणि २०१४ ला डावा गुडघा दोनदा तुटला. खांद्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध? काही नाही. रिपोर्टमध्ये लिहिलेल्या दुखण्याला आपण जास्त घाबरतो कारण ते लिहिलेलं असतं, बाकी क्वार्टरबॅक हा धंदाच असा आहे की दीडशे किलोची माणसं तुमच्यावर पडणार.

पण म्हणून डोळे मिटून घ्यावा का, तर तिथे माझं आणि डॉल्फिन्सवाल्याचं वाजतं. तो म्हणतो घाबरलो असतो तर २००६ झालं असतं. २००६ काय ते सांगतो, कारण मायामीवाल्यांच्या मनातलं भूत ते आहे. ड्रू ब्रीज तेव्हा चार्जर्सकडे होता, २००५ च्या शेवटच्या मॅचमध्ये सुटलेला बॉल धरायला गेला आणि बॉल टाकायच्या हाताचा खांदा पार निखळला. चार्जर्सकडे फिलिप रिव्हर्स बाकावर बसलेला होताच, त्यांनी ब्रीजला जाऊ दिलं. मायामीच्या डॉक्टरांनी खांदा बघितला आणि नको म्हणाले. त्याऐवजी मायामीने दुसऱ्या राउंडचा पिक देऊन डॉन्टे कलपेपर आणला, ज्याचा गुडघा आदल्याच सीझनला तीन लिगामेंट तुटून गेला होता! म्हणजे खांदा नको, गुडघा चालेल. कलपेपर मायामीकडून चार मॅच खेळला. ब्रीज न्यू ऑर्लीन्सला गेला, कॅटरिना वादळाच्या पुरातून शहर नुकतं वर येत होतं तेव्हा, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल जिंकून मॅचचा सर्वोत्तम खेळाडू झाला. मायामीचा तेव्हाचा कोच निक सेबन कंटाळून जानेवारी २००७ मध्ये अलाबामाला गेला आणि तिथे त्याने जे साम्राज्य उभं केलं त्यातूनच पुढे टुआ आला. लेखकाने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जरा जास्तच झालं.

तर डॉल्फिन्सवाल्याचा मुद्दा, एकदा घाबरलो आणि वीस वर्षांचं नुकसान केलं, दुसऱ्यांदा घाबरलो नाही हे बरोबर केलं. मला हे पटत नाही. २००६ ला ते घाबरले हा प्रॉब्लेमच नव्हता, दोन दुखावलेल्यांमधून त्यांनी चुकीचा उचलला आणि वर पिकही दिला. ब्रीजसाठी पिक द्यावा लागत नव्हता, तो करारातून मोकळा होता, नुसते पैसे. म्हणजे भावाचा हिशोब चुकला.

आणि २०२० ला टुआच्या भावात सूट किती मिळाली? कदाचित पहिला गेला असता तो पाचवा गेला. बस. कोच जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनी नव्वदच्या दशकात पिकांच्या किमतीचा तक्ता काढला होता, तो अजूनही लोक वापरतात, त्यात पहिल्या पिकाला ३००० पॉइंट, पाचव्याला १७००, सहाव्याला १६००. आता २०२३ चा हेन्डन हूकर बघा, टेनेसी कॉलेजचा, आदल्या नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, वय जास्त, लायन्सनी त्याला ६८ व्या नंबरला घेतला, त्या तक्त्यात ती किंमत २५० आहे. शिवाय त्यांच्याकडे जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक होताच, हूकरला वर्षभर बसवून ठेवलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे तो काही फार चमकला नाही, पण लायन्सचं गेलं काय? याला म्हणतात सूट. क्वार्टरबॅकच्या बाबतीत अशी सूट पहिल्या राउंडमध्ये मिळतच नाही कारण मागे कुणीतरी उतावीळ टीम उभी असतेच, सहावा नाही तर सातवा घेऊन जाईल या भीतीने पाचवा पूर्ण भाव मोजतो. म्हणून मी असतो तर हर्बर्ट घेतला असता, खुब्यामुळे नाही, जवळपास त्याच भावात दुसरा उभा होता म्हणून. तेव्हा हर्बर्ट कच्चा आहे म्हणून नाकं मुरडणारे खूप होते हे मान्य. आणि त्याला पहिल्या वर्षी संधी मिळाली ती कशी, तर टीमच्या डॉक्टरने तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक टायरॉड टेलरच्या बरगडीला दुखणं कमी करायचं इंजेक्शन देताना त्याचं फुप्फुसच टोचलं. डॉक्टरांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

विसंबायचं म्हटलं तर जेलन स्मिथचं उदाहरण फार आवडतं मला, क्वार्टरबॅक नव्हता, लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू. गुडघ्याबरोबर पायाची नसही गेली होती, सगळ्या टीमा पळाल्या, डॅलसने ३४ व्या नंबरला उचलला कारण त्याचं ऑपरेशन त्यांच्याच टीमच्या सर्जनने केलं होतं. पूर्ण एक सीझन बसला, पुढे प्रो बोल, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच, खेळला. बाकीचे रिपोर्ट वाचत होते, यांच्या माणसाने गुडघा उघडून बघितला होता. दुखावलेला माणूस घ्यायचा तर इतरांपेक्षा जास्त काहीतरी माहिती आपल्याकडे हवी, नाहीतर आपण फक्त इतरांपेक्षा जास्त उतावीळ आहोत. आपल्याकडे मुंबई इंडियन्सनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जोफ्रा आर्चर ८ कोटींना घेतला, त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असताना, आणि पुढच्या वर्षी तो पाच मॅच खेळून घरी गेला. पण लिलावात निदान पैसेच जातात. ड्राफ्टमध्ये पैसे हा छोटा भाग आहे. ब्रॅडफर्डच्या वेळी नव्हता, त्याला ५ कोटी डॉलरची हमी होती, पण २०११ च्या लीग आणि खेळाडूंच्या करारानंतर नवोदितांचे पगार असे खाली आले की त्याच वर्षीच्या पहिल्या पिकाचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सगळा करार २.२ कोटींचा. आता जाते ती जागा, आणि ती दोन-तीन वर्षं.

 

मला खरी धास्ती ड्राफ्टची वाटत नाही, दुसऱ्या कराराची वाटते. टुआचा पहिला चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी डॉलरचा, त्यावर अख्खी अमेरिका महिनोन् महिने वाद घालत होती. जुलै २०२४ मध्ये त्याच मायामीने त्याला चार वर्षांचे २१ कोटी २४ लाख डॉलर दिले, तोवर त्याच्या डोक्याला काय काय झालंय हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं होतं, आणि त्या वेळी जुगार हा शब्द फारसा कुणी काढला नाही कारण आता तो आपला माणूस होता. १२ सप्टेंबर २०२४, नव्या सीझनची दुसरी मॅच, बफेलोविरुद्ध, तो बॉल घेऊन पळाला आणि त्यांच्या डॅमार हॅमलिनवर डोकं आपटलं. परत आयआर, म्हणजे जखमींची यादी.

डॉल्फिन्सवाल्याने यावर लिहिलं, हर्बर्टला २६ कोटी २५ लाख दिले चार्जर्सनी, त्याच्या बरगड्या, बोट, सगळं मोडून झालंय, ते नाही दिसत तुला? दिसतं रे. पण मोडलेलं बोट जुळतं.